प्रतिकृतीच्या इंजिनाचे चालकचाक

आपल्या पांढुर्णा-सौंसर परिसराने रेल्वेची दोन मापे पाहिली. पांढुर्ण्याहून जाणारा इटारसी-नागपूर मार्ग रुंद, १६७६ मिलिमीटरचा. सौंसरहून जाणारा नागपूर-छिंदवाडा मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेने ७६२ मिलिमीटरचा बांधला. रुंदीकरणासाठी तो २०१५ मध्ये बंद झाला. जे रुळांवरून गेले, ते यापुढे नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयासारख्या ठिकाणी आणि हौशी मंडळींच्या प्रतिकृतींतच दिसणार. म्हणून प्रतिकृतीचे झिजलेले चाक बदलणे हे केवळ दुरुस्तीचे काम नव्हे. ते स्मृतीच्या अचूकतेचेही काम आहे.

दट्ट्याचा जोर दांड्यांमार्फत ज्या चाकांना मिळतो, ती चालकचाके. त्यांची निवड करताना प्रथम व्यास पाहावा. तो धावेवर मोजावयाचा, बाहेर आलेली कड सोडून. ‘डब्ल्यूपी’ इंजिनाचे चालकचाक १७०२ मिलिमीटरचे, मालगाडीच्या ‘डब्ल्यूजी’चे १५६२. सत्त्याऐंशी पटींनी लहान केलेल्या प्रतिकृतीत हे व्यास अनुक्रमे सुमारे १९.६ आणि १८ मिलिमीटर होतात. प्रतिकृतीतील कड प्रमाणापेक्षा जाड असते. त्यामुळे शेजारची चाके एकमेकांस घासत असतील, तर व्यास किंचित कमी घ्यावा. खऱ्या चाकाची धावही झिजून आणि कातून लहान होतच असे. तेव्हा ही सवलत सत्याला सोडून नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रँकपिनचे आसापासूनचे अंतर. ते दट्ट्याच्या फेरीच्या निम्मे असते. ‘डब्ल्यूपी’च्या प्रतिकृतीत सुमारे ४.१ मिलिमीटर. जोडलेल्या सर्व चाकांत ते समान हवे, अन्यथा दांडे अडतात. डाव्या-उजव्या पिनांत नव्वद अंशांचा फरक ठेवावा. तो नसेल, तर खऱ्या इंजिनात दोन्ही दट्टे एकाच वेळी टोकाला पोहोचून गाडी जागची हलणारच नाही.

नंतर आऱ्यांची संख्या, पिन आऱ्यासमोर आहे की दोन आऱ्यांमध्ये, आणि प्रतिभाराचा आकार पाहावा. आसाची जाडी जुळवावी. रुळांतून वीज घेणाऱ्या प्रतिकृतीत विद्युतरोधक चाक जुन्याच बाजूस बसवावे.

रुळांच्या अंतराचा प्रश्न मात्र आपल्या दोन गावांत वेगवेगळा आहे. याच प्रमाणात ७६२ चे ८.८ मिलिमीटर होतात. बाजारातील ९ मिलिमीटरच्या रुळांशी ते जवळजवळ जुळतात. पांढुर्ण्याच्या रुंद मार्गाचे १९.३ होतात, पण सर्रास मिळणारे रूळ १६.५ चे. तेथे गाडी अरुंद दिसते, आणि ही तडजोड पत्करल्याचे करणाऱ्याने नोंदवून ठेवावे.

तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला कोणतेही गोल चाक शोभते, कारण तो बैलाचे प्रतीक आहे. प्रतिकृतीला ती मोकळीक नाही. मात्रा जुळल्या तरी गण चुकला की अक्षरगणवृत्त मोडते. तसेच नुसता व्यास जुळून चाक जुळत नाही. म्हणून जुने चाक टाकण्यापूर्वी त्याची सर्व मापे लिहून घ्यावीत, मूळ इंजिनाच्या छायाचित्राशी ताडावीत, आणि मगच नवे निवडावे.