छडीनंतरचा वर्ग

सहावी ते आठवीच्या वर्गावर ऑफ तासाला जायला शिक्षक सहसा राजी नसतात. पाचवीपर्यंत बाईंचा नुसता डोळा पुरतो, दहावीत बोर्डाचा धाक असतो. मधल्या पोरांना दोन्ही लागू पडत नाहीत. आवाज फुटलेला, दर तासाला नवे सर, आणि त्या सरांपेक्षा मागच्या बाकावरच्या दोस्तांच्या मताला जास्त किंमत.

पूर्वी यावर छडी होती. दिल्लीच्या १९७३च्या शालेय नियमांत तर तिचं मापही ठरलेलं होतं : तळहातावर जास्तीत जास्त दहा फटके. प्रत्यक्षात काय होत असे, ते केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७च्या अहवालात दिसतं. महाराष्ट्रासह १३ राज्यांत पाहणी झाली, तेव्हा शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांमागे दोघांनी शाळेत मार खाल्ला होता.

दिल्लीतली ती तरतूद तिथल्या उच्च न्यायालयानं २००० साली रद्द केली. पुढे १ एप्रिल २०१०पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षेला मनाई केली, आणि मानसिक छळालाही. हा दुसरा भाग अनेक शाळांच्या गावीही नसतो. फळ्यावर ‘दंगा करणारे’ म्हणून नावं लिहिणं, पोराला दिवसभर वर्गाबाहेर उभं करणं, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याची तक्रार टाकणं, हे ‘मारलं तर नाही ना’ म्हणून खपून जातं. बारा वर्षांच्या मुलाला छडीचे वळ परवडतील, वर्गासमोरची फजिती नाही.

शिक्षकांची बाजूही खोटी नाही. कलम १६मुळे आठवी होईपर्यंत कुणाला शाळेतून काढता येत नाही. मारलं तर खात्याची चौकशी. मग करायचं काय? जागा बदलून बसवणं, तास संपल्यावर एकट्याला बोलावून विचारणं, ज्याची खोडी काढली त्याच्याशी समोरासमोर बोलायला लावणं, हे उपाय चालतात. पण त्यांना वेळ लागतो. कायद्यानं सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. त्याच कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवं, ग्रंथालय हवं, कुंपणसुद्धा हवं. समुपदेशकाचा मात्र तिथे उल्लेख नाही, त्यामुळे ते कामही वर्गशिक्षकाकडेच येतं, पुढच्या तासाची घंटा होण्याआधी.