हरवलेला दागिना आणि धातुशोधक यंत्र

खेळाच्या तासाला एखाद्या मुलीचे कानातले पडले, की त्या दिवसाचे अध्यापन बहुधा तेथेच थांबते. आई धावत येते, सारी शाळा अंगणात वाकून शोधू लागते, आणि घटकाभरात वस्तू मिळाली नाही म्हणजे कोणाच्या तरी दप्तराकडे बोट दाखवले जाते. ते दप्तर पुष्कळदा दूरच्या वाडीवरून अनवाणी येणाऱ्या मुलाचे असते. कानातले मात्र मातीत दोन बोटे खोल दडलेले असते. संशयाने दुखावलेले मूल पुन्हा शाळेत येईलच असे नाही. म्हणून धातू मातीत कसा शोधावा, हे शिक्षकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते, की लोहचुंबक फिरवला म्हणजे दागिना वर येईल. महाडकरांनी मोठ्या चुंबकाचा उपयोग प्रत्यक्ष पाहिला आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरील 1928 साली बांधलेला दगडी पूल कोसळला व दोन एस. टी. गाड्या पुरात वाहून गेल्या. त्या शोधात क्रेनला सुमारे 300 किलोग्रॅम वजनाचा चुंबक बांधून नदीचे पात्र धुंडाळण्यात आले. गाडीचा सांगाडा लोखंडाचा असल्यामुळे तेथे चुंबकाची योजना योग्यच होती. सोने, चांदी व तांबे यांना मात्र चुंबक ओढीत नाही. चुंबक तीन दिवस फिरवला, तरी मंगळसूत्राची वाटी जागची हलणार नाही.

धातुशोधक यंत्राचे तत्त्व निराळे आहे. त्याच्या टोकाशी तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली, की भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. अशा क्षेत्रात कोणताही धातू आला, तर फॅरेडेने 1831 साली दाखवून दिलेल्या नियमानुसार त्या धातूच्या अंगात विजेचे लहान लहान भोवरे उठतात. या भोवऱ्यांचे स्वतःचे क्षेत्र असते. ते वेटोळ्यास जाणवते व यंत्र आवाज करते. सोने चुंबकास दाद देत नसले, तरी ते विजेचे उत्तम वाहक आहे, आणि तेवढ्यावरच ते सापडते.

वर्गात हे दाखविण्यास यंत्र लागत नाही. जुन्या इअरफोनमधील किंवा खेळण्यातील बारीक पण जोरकस चुंबक घ्यावा. ॲल्युमिनियमचे जाड ताट तिरपे धरून त्यावरून तो घसरू द्यावा. नंतर तितक्याच तिरप्या गुळगुळीत फळीवरून सोडावा. ताटाला चुंबक चिकटत नाही, हे मुलांनी आधी पाहिलेलेच असते. तरीही ताटावर तो रेंगाळत उतरतो. कोणीतरी हात धरून ठेवल्यासारखा तो का थांबतो, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. उत्तर सांगण्याची घाई करू नये.

दागिन्याच्या घडणीवरही यश अवलंबून असते. अखंड अंगठीत विजेचा भोवरा पुरता फिरतो, त्यामुळे ती चांगली सापडते. बारीक कड्यांच्या साखळीत प्रत्येक कडी जवळजवळ सुटी असते. म्हणून वजनाने भारी असूनही साखळी यंत्राला हुलकावणी देते. साध्या यंत्राने अंगठीएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंतच कळते. यात्रेच्या प्रवेशद्वाराशी पोलीस फिरवितात ती हातातील यंत्रे तर अंगावरील वस्तूंसाठी असतात. जमिनीच्या कामी ती फारशी पडत नाहीत.

आणखी एक अडचण आपल्या भूमीचीच आहे. कोकणातील जांभ्यात लोहाचे प्रमाण मोठे, आणि सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन आलेल्या वाळूत चुंबकाला चिकटणारे काळे कण असतात. नदीकाठच्या वाळूतून चुंबक ओढून मुलांनी ते स्वतः पाहावेत. अशा जमिनीवर साधे यंत्र उगाच ओरडत राहते. शेजारचे लोखंडही फसविते. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचा शोध लावणाऱ्या बेलने असेच यंत्र रचले. परंतु रुग्णाच्या खाटेत पोलादी स्प्रिंगा होत्या. गोळी सापडली नाही.

मग यंत्र नसलेल्या शाळेने काय करावे? येथे झारेकऱ्यांचे स्मरण होते. सोनारांच्या दुकानातील केरमाती व राख धुऊन तीतून सोन्याचे कण काढणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्यांच्या विद्येचे मर्म वजनात आहे. शुद्ध सोने पाण्याच्या 19 पटींहून जड, तर वाळू अडीच पटींच्या आसपास; परातीत माती घेऊन पाणी हेलकावले, की हलके वाहून जाते व जड तळाशी राहते. शाळेतही प्रथम माणसांची वर्दळ थांबवावी, कारण पायाने वस्तू आणखी खोल जाते. जागा दोरीने आखून चौकोन पाडावेत, प्रत्येक चौकोनाची वरची माती खुरप्याने उचलावी, चाळणीने चाळावी व उरलेली परातीत धुवावी. झाडलोटीचा केर आधी तपासावा. बहुधा वस्तू त्यातच असते! 22 जुलै 2021 च्या महापुराने महाड शहरात घराघरांत गाळ साचला होता. असा गाळ काढण्याची वेळ पुन्हा आली, तर कपाट व देवघर यांच्या जवळचा गाळ निराळा ठेवून चाळावा.

वस्तू सापडल्यावरचे काम अधिक नाजूक आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती जपण्याची जबाबदारी येते. मालकाचा वाजवी शोध न करता ती स्वतःची म्हणून वापरणे हा भारतीय न्याय संहिता, 2023 च्या कलम 314 खाली गुन्हा ठरू शकतो. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन मिळाल्यास 1878 च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे लागते. रायगड किल्ला अथवा पाल्याची लेणी अशा संरक्षित ठिकाणी तर हौसेखातर यंत्र घेऊन खणणे मुळीच नको. रायगडावर 2021 साली सोन्याची बांगडी मिळाली, ती रीतसर उत्खननात.

मुलाने आणून दिलेली वस्तू मुख्याध्यापकांनी दोन साक्षीदारांसमक्ष नोंदवून पाकिटात बंद करावी. सूचनाफलकावर 'दागिना सापडला आहे' एवढेच लिहावे. तो कसा आहे, हे लिहू नये. मागणाऱ्याने आधी घडण, खूण, जोडीचा दुसरा नग सांगावा, मगच पाकीट उघडावे व पोचपावती घ्यावी. दोघांनी हक्क सांगितल्यास किंवा आठवडाभरात कोणी न आल्यास वस्तू पोलीस ठाण्यात जमा करावी. ज्या मुलावर आधी संशय घेतला गेला असेल, त्याचे नाव घेऊन, ज्या वर्गासमोर तो घेतला त्याच वर्गासमोर, वस्तू मातीत सापडल्याचे शिक्षकांनी सांगावे. आणि तो त्या दिवशी गैरहजर असेल, तर त्याच्या घरी जाऊन सांगावे.