आर्थर राजा : जुनी दंतकथा, नव्या कथा

- उगम : जेफ्री ऑफ मॉनमथचा लॅटिन ग्रंथ, सुमारे ११३६. आर्थरचा सरदार लान्सलॉट आणि पवित्र चषक (ग्रेल) नंतरचे. ते फ्रेंच कवी क्रेतियां द त्र्वा याच्या काव्यांतून आले.
- आधारग्रंथ : टॉमस मॅलरीचे इंग्रजी गद्य. छपाई १४८५, मुद्रक विल्यम कॅक्स्टन.
- गल्लत नको : मॅलरीकडे तलवारी दोन. एक दगडातून उपसलेली, दुसरी सरोवरातून मिळालेली.
- रॉजर झेलाझ्नीची कथा, १९७९ : लान्सलॉट विसाव्या शतकातही जिवंत.
- नील गेमन, ‘शिव्हल्री’ : वृद्ध विधवेला जुन्या वस्तूंच्या दुकानात, फरकोटाखाली ग्रेल सापडतो. तो मागायला सर गॅलहॅड घोड्यावरून दारात येतो. बदल्यात परीस आणि फिनिक्सचे अंडे देऊ करतो.
- ‘स्वोर्ड स्टोन टेबल’, २०२१ : याच दंतकथांवरच्या नव्या कथांचा संग्रह. संपादक स्वप्ना कृष्णा व जेन नॉर्दिंग्टन.