ग्रामसभेला जा, मग सही करा

मंडळी, आपण वाचायला शिकलात. सही करायला शिकलात. अंगठा सुटला, ही फार चांगली गोष्ट झाली. पण सही कशाखाली करतो आहोत, हे पाहायचे राहिले तर? मग अंगठा काय आणि सही काय, दोन्ही सारखेच.

आमचीच चूक सांगतो. आम्ही तेव्हा गावच्या शाळेत हेडमास्तर होतो. गावात पाण्याच्या टाकीचे काम निघाले. त्यासाठी ग्रामसभा बोलावली होती. दवंडी आमच्या कानावर आली. आम्ही म्हटले, “मास्तराचे तिथे काय काम?” पुष्कळांनी तसेच म्हटले. कोणी शेतावर गेले, कोणी बाजाराला गेले. दुसऱ्या दिवशी शिपाई हजेरीचे पुस्तक घेऊन दारी आला. म्हणाला, “गुरुजी, सभेला माणसं कमी पडली. तेवढी सही द्या.” आम्ही दिली. पुस्तकात काय ठराव लिहिला आहे, ते पाहिलेसुद्धा नाही.

टाकी रस्त्यालगत, सखल जागी बांधली गेली. खालच्या आळीचे नळ धो धो वाहू लागले. वरच्या वस्तीला टिपूस मिळेना. त्या वस्तीतल्या बाया रोज डोक्यावरून पाणी आणीत. चढ कुठे, उतार कुठे, हे त्यांच्या पायांना ठाऊक होते. पण त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्याही सभेला गेल्या नाहीत. एका मुलीची आई आम्हाला म्हणाली, “गुरुजी, टाकी टेकाडावर बांधा, एवढं तुम्ही तरी सांगायचं होतं!” आम्ही काय बोलणार? पुस्तकात आमची सही होती.

आता ग्रामसभा म्हणजे काय, ते पाहू. ग्रामपंचायत म्हणजे आपण निवडून दिलेले पंच. ग्रामसभा म्हणजे आपण सगळे. गावाच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद. त्यात गरीब-श्रीमंत नाही, बाई-पुरुष नाही. १९५८ च्या ग्रामपंचायतीच्या कायद्यात ही सभा होती. १९९२ साली देशाच्या घटनेत ७३ वी दुरुस्ती झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली.

महाराष्ट्रात वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यायची असते. सभेला मतदारांपैकी शेकडा १५ किंवा एकूण १००, यांतला जो आकडा कमी असेल तितकी माणसे हजर असावी लागतात. गावात कोणती कामे करायची, पैसा कशावर खर्च झाला, घरकुलासारखा लाभ कोणाला द्यायचा, हे विषय तिथे निघतात. आपण गेलो नाही, तर दुसरे कोणी आपल्या वतीने ठरवतात.

कोणी म्हणेल, “गुरुजी, आमच्या बोलण्याने काय होणार?” त्याला मेंढा-लेखा गावाचे उदाहरण सांगावे. हे गाव गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात आहे. वस्ती गोंड लोकांची, भोवती जंगल. पूर्वी त्या जंगलातला बांबू सरकारी कराराने कागद कारखान्याला जाई. गावकऱ्यांनी ग्रामसभा धरली. बाया-पुरुष एकत्र बसत. तिथे बहुमताने ठराव करीत नाहीत, सगळ्यांच्या संमतीने करतात. एकाचे मन वळले नाही, तर पुन्हा बसतात. कायदा समजून घ्यायला गावात अभ्यासगट चालवला. “दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार,” असे ते म्हणतात. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. त्याप्रमाणे २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. बांबू बाहेर नेण्याचे परवाने देण्याचा अधिकार २०११ साली ग्रामसभेच्या हाती आला. गाव करी ते राव न करी, ते असे.

आमच्या गावाचे पुढे काय झाले? पुढच्या ग्रामसभेला वरच्या वस्तीतल्या बाया एकजुटीने आल्या. आम्हीही गेलो. उभे राहून आधी आपली चूक कबूल केली. बायांनी टेकाडावरची जागा सांगितली. ठराव लिहिला गेला. तो मोठ्याने वाचायला लावला आणि मगच सह्या झाल्या. दुसरी टाकी उभी राहायला तीन वर्षे लागली. तोवर त्या बायांनी पाणी डोक्यावरूनच आणले. एका न वाचता केलेल्या सहीची ती किंमत होती, आणि ती आम्ही नाही, त्यांनी भरली.

म्हणून सांगतो, मंडळी. ग्रामसभेची नोटीस लागली की वाचा. शेजाऱ्यालाही वाचून दाखवा. सभेला जा. आपले म्हणणे सांगा आणि ते लिहून घ्यायला लावा. कोणी दारी पुस्तक घेऊन आला, तर म्हणा, “बाबा, सही सभेत करीन.”