ॲट, ऑन की इन? वेळ सांगणारे शब्द

शिक्षक मित्रांनो, मराठीत वेळ दाखवणारा प्रत्यय शब्दाच्या शेवटी चिकटतो: दहा वाजता, सोमवारी, जूनमध्ये. इंग्रजीत तेच काम वेगळा शब्द करतो, तोही आधी येऊन. ‘सोमवारी’तली ‘ई’ मुलांच्या लक्षातच येत नाही, म्हणून ‘ऑन’ गळतो.

घड्याळाची वेळ: ॲट टेन ओक्लॉक.
वार, तारीख: ऑन मंडे.
महिना, वर्ष: इन जून.

आपला हिंगोली जिल्हा झाला ‘इन १९९९’. पूर्ण तारीख सांगितली की ‘ऑन १ मे १९९९’.

सकाळी म्हणजे ‘इन द मॉर्निंग’, पण सोमवारी सकाळी ‘ऑन मंडे मॉर्निंग’. रात्री मात्र ‘ॲट नाइट’. ‘नेक्स्ट मंडे’च्या आधी काहीच लागत नाही.

पालकांनो, नुसतं पाठांतर नको. मुलांना आधी विचारा: ही वेळ आहे, दिवस आहे की महिना?