पीठ पाहून धान्य ओळखता येते का?

दळण घेऊन तुम्ही कधी ना कधी गिरणीत गेला असालच. घरी निवडलेले गहू डोळ्यांदेखत दळून घेतले, की पीठ कशाचे आहे याविषयी शंका राहत नाही. पण दुकानातून पिठाचा बंद पुडा आणला तर? चिमूटभर पीठ हातात घेऊन त्यात गव्हाबरोबर आणखी काय दळले आहे, हे सांगता येईल का? संगणकाच्या बाबतीत आज नेमका हाच प्रश्न आहे. आणि तुमच्या घरातला मोबाइल फोन हाही एक संगणकच आहे बरे!

धान्य, गिरणी आणि पीठ

संगणकाकडून काम करून घेण्यासाठी क्रमाने लिहिलेल्या सूचनांना आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. माणूस ती ‘सी’सारख्या एखाद्या भाषेत लिहितो. ही मूळ आज्ञावली, म्हणजेच सोर्स कोड, जाणकाराला वाचता येते. संगणकाला मात्र केवळ शून्य आणि एक या दोन अंकांची भाषा कळते. म्हणून कंपायलर नावाची दुसरी आज्ञावली पहिलीचे रूपांतर शून्य-एकच्या लांबलचक मालिकेत करते. मूळ आज्ञावली हे धान्य, कंपायलर ही गिरणी आणि ती मालिका म्हणजे पीठ! या पिठावरून धान्य ओळखण्याचा प्रयत्न तज्ज्ञ करतात. पण ते काम फार किचकट असते.

संगणकातील सर्व आज्ञावल्यांवर देखरेख करते ती ऑपरेटिंग सिस्टिम. तुम्ही दाबलेली कळ, कॅमेऱ्याने टिपलेले चित्र, इंटरनेटवरून येणारा-जाणारा निरोप, सारे तिच्या हातून जाते. घराच्या किल्ल्यांचा जुडगा जणू तिच्याच कमरेला असतो. मग तिच्यात काय दळले आहे, हे कोणाला तरी पाहता यायला नको का?

बंद पुड्यातील खडा

२००५ साली सोनी बीएमजी या कंपनीच्या काही गाण्यांच्या सीडींमध्ये, त्यांच्या नकला होऊ नयेत म्हणून, एक आज्ञावली घातलेली होती. सीडी संगणकात लावली की ही आज्ञावली विंडोज प्रणालीत शिरून बसे आणि स्वतःच्या फायली दिसू देत नसे. तिच्या आडोशाने इतर घातक आज्ञावल्यांनाही लपता येऊ लागले. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हा प्रकार उघडकीस आणला आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. गाणी ऐकणाऱ्या सामान्य माणसाला मात्र आपल्या घरात कोण शिरले आहे, याचा पत्ताही नव्हता!

खुले कोठार

धान्य सर्वांना पाहता यावे, हा विचार जुना आहे. १९८३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत, असे जाहीर केले. तिचेच नाव लिनक्स. १९९२ मध्ये त्याने ती ग्नूच्या परवान्याखाली आणली. हा परवाना सांगतो : आज्ञावली वाचा, बदला, वाटा, पण बदललेले पीठ वाटाल, तर त्याचे धान्यही द्या.

या हौसेचे पुढे काय झाले? अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघाली, तेव्हा पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालत होते. आपल्या सी-डॅक संस्थेनेही ‘बॉस’ नावाची लिनक्स आवृत्ती तयार केली आहे.

अर्ध्या सेकंदाची गोष्ट

मग खुले ते सारे सुरक्षित असे समजावे का? तसे नाही. फायलींचा आकार लहान करणारी ‘एक्सझेड’ नावाची एक खुली आज्ञावली अनेक लिनक्स आवृत्त्यांत असते. तिची निगा मुख्यतः एकच गृहस्थ फावल्या वेळात राखत होते. २०२१ पासून एक अनोळखी मदतनीस तिच्या कामात लक्ष घालू लागला. त्याने दोन-तीन वर्षे चोख काम केले, विश्वास मिळवला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आज्ञावलीत चोरदरवाजा बसवला! विषाची पुरचुंडी चाचणीच्या फायलींत दडवलेली होती. ती दळणात मिसळण्याची सूचना मात्र सर्वांसमोर मांडलेल्या धान्यात नव्हती. ती गिरणीकडे जाणाऱ्या गोणीत घातली होती.

आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते तेव्हा वेगळ्याच कामासाठी संगणकाची गती मोजत होते. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांच्या ध्यानी आले. दुसरा कोणी ‘चालायचेच’ म्हणाला असता. त्यांनी कारण शोधले, गोणी उघडून पाहिली आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले. तोवर ते पीठ मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांतच पोहोचले होते. लक्षात घ्या, पाहण्याची मुभा होती म्हणून शोध लागला. पण पाहणारा डोळाही लागलाच.

गिरणीच लबाड असेल तर?

धान्य स्वच्छ असूनही कंपायलरच गुपचूप काही मिसळू शकेल, असा इशारा युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्येच दिला होता. यावर उपाय काय? तेच धान्य वेगवेगळ्या ठिकाणी दळायचे आणि पीठ तंतोतंत सारखे येते का, ते ताडून पाहायचे. डेबियन या लिनक्स आवृत्तीचे स्वयंसेवक हे काम नेटाने करत आहेत.

खासगीपणा कोणाच्या हाती?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पण आपणच पत्ता, छायाचित्रे आणि मित्रांचे नंबर वाटेल त्या अ‍ॅपला देत सुटलो, तर सर्वांत खुली प्रणालीही आपले रक्षण करू शकणार नाही. अँड्रॉइडचा गाभा खुला आहे. त्यावर बसवलेली बरीचशी अ‍ॅप बंद पुडेच असतात. ज्याच्या आत डोकावता येत नाही, त्याला घरातले किती दाखवायचे, हे आपणच ठरवले पाहिजे.

करून पाहा

घरच्यांच्या संमतीने फोनच्या सेटिंगमधील परवानग्यांची यादी उघडा. वहीत तीन रकाने आखा : अ‍ॅपचे नाव, ते काय मागते, ते त्याला खरोखर लागते का. नकाशाला ठिकाण कळायलाच हवे. पण बॅटरीचा उजेड पाडणाऱ्या अ‍ॅपला तुमच्या मित्रांचे नंबर कशाला? नको ती परवानगी बंद करा आणि अ‍ॅप तरीही चालते का, ते नोंदवा.

शिक्षकांनाही एक विनंती. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करता येते. संगणकात आधी असलेल्या प्रणालीला धक्का लागत नाही. शाळेतील एका संगणकावर हा प्रयोग जरूर करावा. त्या वर्गातील एखाद्या मुलाला धान्य निवडायची गोडी लागली, तर पुढचा अर्धा सेकंद कदाचित त्याच्या किंवा तिच्याच ध्यानात येईल!