बंगईला पॉलिश करण्यापूर्वी

जळगाव-धुळ्याकडील जुन्या घरांत एखादी सागवानी बंगई किंवा आरामखुर्ची अजून तग धरून असते. तिचे पॉलिश विटले की निवृत्त गृहस्थांचे हात शिवशिवू लागतात. या उद्योगाला माझा मुळीच विरोध नाही. रिकाम्या दुपारपेक्षा तो शतपटीने बरा. मात्र त्याचा क्रम वैद्यकाच्या दृष्टीने थोडा बदलावा, असे मला वाटते.

चकाकीच्या आधी सांधे पाहा. उठताना आपण ज्या हातावर भार देतो, तो खुर्चीचा हात डळमळत असेल, तर पॉलिश व्यर्थ आहे. उतारवयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने अनुभवले आहे त्याला सांगावे लागत नाही. बंगईच्या कड्या आणि साखळ्या सुताराकडूनच तपासून घ्याव्यात.

नंतर नजरेआडच्या कोपऱ्यात कापसाने थोडे स्पिरिट लावा. पृष्ठभाग चिकट झाला, तर ते लाखेचे पॉलिश आहे असे समजावे. ही आनंदाची गोष्ट आहे. लाखेचा नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. त्यामुळे लाकूड पुसून हलकेच घासले, तरी बहुधा भागते. घासणे जितके कमी, तितकी छातीत जाणारी धूळ कमी. लाकडाच्या धुळीमुळे होणारा कर्करोगाचा धोका मुख्यतः वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कारागिरांना असतो. दमेकऱ्याला मात्र एक दुपारही पुरेशी होते. एन-९५ मास्क लावा, अंगणात बसा. मधुमेह्यांनी अनवाणी बसू नये. बधिर तळव्यात रुतलेली कुसळ कळत नाही.

जुना तैलरंग असेल, तर अधिक सावध राहा. घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासू नये. नातवंडे व गर्भवती सून यांना त्या कामापासून दूरच ठेवावे. रंग घट्ट असेल, तर तो न खरवडता त्यावरच नवा हात द्यावा, हे माझे स्पष्ट मत.

खानदेशात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. त्या दिवसांत हा उद्योग नकोच. पावसाळ्यात दमट हवेने लाखेवर पांढरट झाक येते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा पलंग पॉलिश केला असेल, तर वास पूर्ण जाईपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत झोपवावे.

देव्हारा पॉलिश करताना निरंजन व उदबत्ती विझलेली असावी. स्पिरिटची वाफ पटकन पेट घेते. स्पिरिट किंवा टर्पेंटाइन पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. चुकून कोणी प्यायल्यास उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. बाटलीसह रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप तापून पेटू शकतात. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत आणि मगच टाकावीत.